कानातलं टक् आणि एक उंच दाढ

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात माझा उजवा कान दुखायला लागला. ठणका वगैरे नाही, आतून कोणीतरी अंगठा दाबून धरलाय असं. मी अकाउंट्सला आहे त्यामुळे मार्चमध्ये आजारी पडायची सोय नसते, म्हणून चार दिवस दुर्लक्ष केलं, पाचव्या दिवशी जेवताना कानाच्या पुढे टक् असा आवाज यायला लागला आणि तो शेजारी बसलेल्या लेकीलापण ऐकू गेला. सासूबाई (मी त्यांना आईच म्हणते) म्हणाल्या लसणीचं तेल कोमट करून घाल. घातलं नाही, कानाच्या डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी बॅटरी लावून दोन्ही कान बघितले, म्हणाले कान एकदम स्वच्छ आहे ताई, तुम्ही उगाच कानाला दोष देताय. मग दोन्ही कानांच्या पुढे एकेक बोट ठेवून म्हणाले तोंड उघडा, मिटा, परत उघडा. टक्. "दाताचं काही काम केलंय का एवढ्यात?"

केलं होतं ना! तीन आठवड्यांपूर्वी खालच्या उजव्या दाढेचं रूट कॅनल होऊन वर कॅप बसली होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. नंतर कळलं की जबड्याच्या सांध्याला आणि कानाच्या काही भागाला एकाच नसेच्या फांद्या जातात, त्यामुळे सांधा कुरकुरला की मेंदूला वाटतं कान दुखतोय.

आता एक करून बघा, मी त्या दिवशी रिक्षात बसून केलं होतं आणि रिक्षावाले आरशातून बघत होते. दोन्ही करंगळ्या कानात घाला, बोटाचा मऊ भाग पुढे, नाकाच्या दिशेने. आता हळूहळू तोंड उघडा. आधी काहीतरी जागच्या जागी गोल फिरल्यासारखं वाटेल. तोंड साधारण दोन सेंटिमीटरच्या पुढे उघडलं की ते बोटाखालून पुढे निसटतं आणि तिथे खड्डा पडतो. हे जे निसटतं ते खालच्या जबड्याचं टोक. मोठ्या शेंगदाण्याएवढं, आडवं. ते कवटीच्या एका उथळ खोबणीत बसतं, खोबणीच्या पुढे हाडाचा एक उंचवटा असतो, आणि जांभई देताना हे टोक त्या उतारावरून घसरत पार उंचवट्याच्या टोकापर्यंत जातं. रोज जातं, आणि परत येतं. कधीकधी उंचवट्याच्या पलीकडे जाऊन अडकतं, मग तोंड उघडंच राहतं, आणि ते परत बसवायला अंगठे खालच्या दाढांवर ठेवून आधी खाली दाबायचं नि मग मागे सरकवायचं. ही युक्ती इतकी जुनी आहे की इजिप्तच्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका पपायरसावरपण लिहिलेली सापडते.

म्हंजे हा सांधा गुडघ्यासारखा नुसता दुमडत नाही. आधी फिरतो, मग सरकतो. मधे एक चकती असते, चिवट तंतूंची, दोन्हीकडे अंतर्गोल अशी छोटीशी गादी, तिच्या खालच्या बाजूला फिरणं चालतं आणि वरच्या बाजूला सरकणं. आणि जबड्याचं हाड एकच असल्यामुळे उजवा सांधा एकटा काही करू शकत नाही. एकाच दाराला दोन बिजागऱ्या आहेत आणि त्या बिजागऱ्या चौकटीवर मागेपुढे पळतात अशी ती गंमत आहे. उजवीकडे चावताना डावीकडचं टोक पुढे सरकतं आणि उजवं जवळपास जागेवर फिरतं, कुठलाही घास बघा, जबडा सरळ वरखाली जातच नाही, तिरपा थेंबासारखा फिरतो.

गाय रवंथ करताना बघितली असेल तर हे लगेच कळेल. तिचा खालचा जबडा वरच्यापेक्षा अरुंद, दोन्ही बाजूच्या दाढा एका वेळी टेकूच शकत नाहीत, म्हणून ती एका बाजूला दळते. वरचे पुढचे दात तर तिला नसतातच. मांजराचं उलटं, तिचा सांधा नुसती बिजागरी, कात्रीसारखं वरखाली, दळणं नाही. आपलं दोन्हीच्या मधे कुठेतरी. पटाशीच्या दातांनी पेरूचा तुकडा तोडतो, तो जिभेने ढकलून दाढांत आणतो आणि तिथे जात्यासारखं फिरवतो. पण सुपारी मात्र कोणी पुढच्या दातांनी फोडत नाही बघा, दाढेखालीच घेतात. अडकित्त्यातसुद्धा सुपारी जेवढी खिळ्याजवळ तेवढी सहज फुटते, तसंच. जबड्याचा खिळा म्हणजे कानापुढचा हा सांधा, त्याच्या जवळ दाढा, आणि गालाचा जाडजूड स्नायू दाढांच्या शेजारीच, सगळा जोर तिथे. आम्ही सोलापूरचे, कडक भाकरीवर वाढलेले, आम्हाला हे पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. कडक भाकरी पुढच्या दातांनी तोडायला गेलात तर भाकरी जिंकते.

तर परत दाढेकडे. दुसऱ्या दिवशी दाताच्या डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी निळ्या रंगाचा पातळ कागद चिमट्यात धरून दाढांमधे घातला, कार्बन पेपरसारखा दिसतो, आणि म्हणाल्या टकटक चावा. मग दुसरा लाल कागद, आता दात टेकवून डावीकडे घासा, उजवीकडे घासा. तोंडात आरसा धरून मला दाखवलं. बाकीच्या दाढांवर बारीक बारीक निळे ठिपके होते, तीळ सांडल्यासारखे, आणि माझ्या नव्या कॅपवर मागच्या कोपऱ्यात एक मोठा गडद डाग, मधे पांढरा, चंद्राला खळं पडतं तसा. म्हणाल्या हे बघा, तोंड मिटताना सगळ्यात आधी इथे टेकतंय. म्हंजे दाढ उंच आहे. किती उंच? अगदीच थोडी, एखाद्या केसाएवढी वगैरे. बारीक मशीनने अर्धा मिनिट घासलं, परत कागद, परत घासलं. संपलं.

ही माझीच चूक होती खरं तर. कॅप बसवली त्या दिवशी त्यांनी तीनतीनदा विचारलं होतं कसं वाटतंय, उंच लागतंय का, पण तासभर तोंड उघडं ठेवून माझा जबडा थरथरत होता आणि पार्किंगमधे गाडी चुकीच्या जागी लावली होती म्हणून मी म्हटलं ठीक आहे, ठीक आहे. मैत्रिणींनो, ठीक आहे म्हणू नका. दोन मिनिटं चावत बसा खुर्चीवर, लोक थांबले तर थांबू दे.

मला एक प्रश्न पडला होता तो विचारून टाकला. रूट कॅनलमधे दाताची नस काढून टाकली ना, मग त्या दाताला उंच लागतंय हे कळणार कोणाला? तर म्हणे नस आतली काढली, पण दात हाडात खिळ्यासारखा घट्ट ठोकलेला नसतो, मुळाभोवती चारी बाजूंनी धाग्यांचा एक पातळ पडदा असतो, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा, दात त्या धाग्यांवर टांगलेला असतो. चावताना काय किती दाबलं जातंय हे त्या पडद्यातल्या नसांना कळतं, आणि तो पडदा रूट कॅनलने जात नाही. पालेभाजीतला वाळूचा एक कण दाताखाली आला की डोक्यात झिणझिण्या येतात, ते तिथून. भातातला केस जिभेच्या आधी दातांना सापडतो. हाडात स्क्रूसारखा बसवतात तो इम्प्लांट, त्याला हा पडदाच नसतो म्हणून तिथे एवढं बारीक कळत नाही.

आणि एवढी नाजूक जाणीव असल्यामुळेच गडबड होते. एक दाढ आधी टेकली की जबडा नकळत तिला चुकवून मिटायला लागतो, थोडा पुढे, थोडा बाजूला, चपलेत खडा गेल्यावर आपण लंगडतो तसं. पाय लंगडला तर लोक विचारतात काय झालं, जबडा लंगडला तर कोणाला दिसत नाही.

मला वाटलं झालं, सुटले. दाढेची ठसठस दोन दिवसांत गेली पण कानापुढचं टक् तसंच. आणि संध्याकाळी कानशिलं जड. परत गेले (तोपर्यंत एप्रिल उजाडला होता). या वेळी मॅडमनी दाढ बघितलीच नाही. जीभ बाहेर काढायला सांगितली, जिभेच्या कडेला करवतीसारखे दातांचे ठसे. गालाच्या आतून दातांच्या रेषेत एक पांढरी ओळ. आणि माझे सुळे, जे टोकदार असायला हवेत, ते कानशीने घासल्यासारखे सपाट.

सुळ्यांचं काम मला तेव्हा कळलं. दात टेकवून जबडा एका बाजूला सरकवला की सुळ्यावर सुळा चढतो आणि मागच्या दाढा एकमेकींपासून उचलल्या जातात, म्हंजे दाढांवर आडवा रेटा येत नाही. सुळ्याचं मूळ सगळ्या दातांत लांब, तो हे सहन करू शकतो. सगळ्यांच्या तोंडात असंच असतं असं नाही, काहींच्या दोनतीन दाढा मिळून हे काम करतात, तेही चालतं. माझे सुळे झिजलेले म्हणजे मी वर्षानुवर्षं झोपेत घासतेय. आईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, जंत झाले असतील, दात खाणाऱ्या पोराला आम्ही आधी जंताचं औषध द्यायचो. बेचाळीस वर्षांच्या सुनेला जंताचं औषध. पण आमच्याकडे सगळ्यांच्या आज्या हेच सांगायच्या, तुमच्याकडेपण सांगत असतील, आणि त्याचा दात खाण्याशी संबंध असल्याचा काही पक्का पुरावा नाही म्हणे.

मॅडमनी मला विचारलं, आत्ता या क्षणी तुमचे वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेत का? मी बघितलं. टेकलेले. नुसते टेकलेले नाही, दाबलेले. "मग टेकणारच ना, तोंड मिटलंय." तर म्हणाल्या नाही. तोंड मिटलेलं असताना दात टेकलेले नसतात, नसायला हवेत. ओठ मिटलेले, मधे दोनचार मिलिमीटर फट, जीभ वर टाळूला सैल. 'आम' म्हणा, शेवटचा म तसाच धरून ठेवा, ती खरी जागा. आख्ख्या दिवसात चावणं आणि गिळणं मिळून दात एकमेकांना लागतात ते जेमतेम वीसेक मिनिटं, बाकी तेवीस तास चाळीस मिनिटं त्यांना सुट्टी.

मला हे कोणी बेचाळीस वर्षांत सांगितलं नव्हतं! दात घासायचे कसे, गोड किती खायचं, सगळं सांगितलं, पण दात ठेवायचे कसे हे कोणी नाही. त्या दिवसापासून मी स्वतःला पकडायला लागले. सिग्नलला गाडी थांबली की दाबलेले. बँकेचं स्टेटमेंट जुळवताना दाबलेले. साहेबांचा फोन आला की बोलणं सुरू व्हायच्या आधी एकदा कचकन. दोन रुपयांचा फरक शोधताना तर मी बहुतेक गाढवाएवढा जोर लावत असणार. कानशिलावर बोटं ठेवून दात दाबा, तिथे स्नायू फुगतो तो हाताला लागेल, माझा तो दिवसभर फुगलेला होता आणि मी संध्याकाळी डोकेदुखीची गोळी खात होते. मॉनिटरला पिवळी चिठ्ठी लावली, 'दात सुटे'. ऑफिसातल्या पोरांनी त्याच्याखाली किती रुपयाचे असं लिहून ठेवलं.

आणि ते टक्? ती मधली चकती थोडी पुढे सरकलीय. पाट पुढे सरकलेला असताना बसायला गेलं की आधी कडेवर आपटतो मग पाटावर येतो, तसं जबड्याचं टोक पुढे जाताना चकतीच्या मागच्या कडेवरून उडी मारून तिच्यावर येतं, ती उडी म्हणजे टक्. दुखत नसेल, तोंड नीट उघडत असेल (तीन बोटं उभी मावली पाहिजेत, माझी मावतात) तर त्याला काही करायचं नाही. कित्येकांचं वाजतं आणि जन्मभर वाजत राहतं. टक् अचानक बंद झालं आणि तोंडच उघडेना झालं तर मात्र धावत यायचं, कारण मग टोक चकतीवर चढतच नाहीये.

मला तरी राग आला होता की आधी दाढ उंच म्हणालात, मग आता दात दाबता म्हणताय, नक्की काय? रात्री फोनवर वाचत बसले आणि कळलं की हे भांडण माझं एकटीचं नाहीये, डॉक्टर लोक नव्वद वर्षं हेच भांडतायत. १९३४ साली जेम्स कॉस्टन नावाच्या अमेरिकन कानाच्या डॉक्टरांनी (कानाच्याच!) मांडलं की मागच्या दाढा गेल्या की जबडा जास्त मिटतो, सांधा मागे दाबला जातो आणि म्हणून कान दुखतो, गच्च होतो, वाजतो. त्या दाबण्याचं त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण शरीररचनेच्या अभ्यासकांनी पुढे खोडून काढलं, पण कल्पना राहिली, आणि पुढची कित्येक वर्षं सांधा दुखला की दात घासून बाईट, म्हंजे वरखालचे दात जुळणं, परफेक्ट करायची टूम होती. आता बहुतेक जण म्हणतात की दात कसे जुळतात हे सांधेदुखीचं मुख्य कारण नसतं, ताण, झोप, दाबायची सवय, स्नायू, सगळं मिळून असतं, आणि चांगले दात कायमचे घासून टाकायची घाई करू नये. नवी कॅप उंच असेल तर ती घासा, ती गोष्ट वेगळी. मला हे पटतं. माझी दाढ केसभर उंच होती हे खरं, पण मार्च नसता तर मी तिला चुकवत चुकवत सवय करून घेतली असती असं आता वाटतं.

त्याच वाचनात आणखी एक सापडलं. कानात ज्या तीन इवल्या हाडांनी आवाज आत जातो, शाळेत हातोडी ऐरण रिकीब म्हणून पाठ केलेली, त्यातली हातोडी आणि ऐरण ही आपल्या फार फार जुन्या पूर्वजांच्या जबड्याच्या सांध्यातली हाडं होती. सरपटणाऱ्या प्राण्यांमधे अजूनही त्याच दोन हाडांवर जबडा फिरतो. १८३७ साली कार्ल रायशेर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने गर्भातली वाढ बघून हे नातं ओळखलं. आपण सस्तन झालो तेव्हा जबड्याने नवा सांधा केला आणि जुना सांधा कानात ऐकायच्या कामाला लागला. म्हंजे कान आणि जबडा एकमेकांचे जुने भाऊबंद, वाटणी झाली तरी भिंत एकच. लसणीच्या तेलाचा पत्ता फार चुकला नव्हता.

मे महिन्यात आईंची कवळी करायची होती. तोंडात एकही दात नाही, मग वरचं आणि खालचं नेमकं कुठे जुळवायचं हे ठरवायचं कसं? मला वाटायचं हिरड्यांचं माप घेतात, झालं. पण मॅडमनी हिरड्यांवर मेणाचे कट्टे बसवले आणि आईंना म्हणाल्या, आजी, जिभेचं टोक टाळूला लावा, अजून मागे, अजून, आता तसंच तोंड मिटा. आईंना वाटलं आपली गंमत करतायत. पण जीभ मागे वळवली की जबडा मागे येतो आणि सांधा स्वतःच्या खोबणीत बसतो, दात नसताना परत परत तीच सापडेल अशी तेवढी एकच जागा असते. नाकाच्या टोकावर आणि हनुवटीवर पेनाने ठिपके काढून पट्टीने मोजलं, साठ एकसष्ट बासष्ट असं मोजायला लावलं, कारण स म्हणताना वरखालचे दात जवळ येतात पण टेकता कामा नये, टेकले तर कवळी उंच. मग ते सगळं प्लास्टरचे साचे करून पितळी बिजागरीच्या एका यंत्रात बसवलं, टेबलावर ठेवलेला जबडाच. आणि कवळीत सुळ्यांचा नियम उलटा, एका बाजूला सरकवताना दुसऱ्या बाजूचे दातपण टेकलेले लागतात, नाहीतर कवळी एका अंगाला उचलते.

मी विचारलं की मग ज्यांना दात आहेत त्यांचा सांधा आणि दात या एकाच जागी जुळतात का? हसल्या. म्हणाल्या क्वचित. उल्फ पॉसेल्ट या स्वीडिश दंतवैद्यांनी १९५२ मधे जबड्याच्या हालचाली मोजल्या तेव्हा दिसलं की सांध्याची ती मागची जागा आणि दात घट्ट बसतात ती जागा यात बहुतेक लोकांमधे मिलिमीटरभराचा फरक असतोच. म्हंजे पुस्तकातला परफेक्ट बाईट बहुतेकांच्या तोंडात नाहीच, सगळे थोडेसे सरकवूनच घास खातायत आणि त्यांचं काही दुखत नाही. लेकीच्या तारांसाठी गेलो तेव्हा तिथे क्लास वन क्लास टू असं लिहिलेला तक्ता होता, १८९९ मधे अँगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी पहिल्या दाढेवरून पाडलेले दातांच्या जुळणीचे वर्ग, लेक क्लास टू आहे आणि तिला शाळेत असल्यासारखं वाईट वाटलं.

मला रात्री घालायला कडक पारदर्शक प्लॅस्टिकचा गार्ड दिलाय. त्याने घासणं थांबत नाही, पण मी जे घासते ते प्लॅस्टिक घासते. महिन्याभराने त्यावर ओरखडे बघितले आणि लाज वाटली. कान दुखायचा थांबलाय, टक् आहे, जांभई देताना हनुवटीखाली मूठ लावते.

परवा सोलापूरहून भावाने कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी पाठवली. मला दोन महिने कडक खायचं नाही म्हणून मी भाकरी मोडून आमटीत भिजत घातली. आईंची नवी कवळी पाच फेऱ्या मारून, मेण, प्लास्टर, साठ एकसष्ट करत झालेली. आईंनी ती काढली, पाण्याच्या वाटीत ठेवली, भाकरीचा कडक पापुद्रा तोंडात टाकला आणि नुसत्या हिरड्यांनी मिनिटभर घोळवत राहिल्या.

"अहो आई, कवळी?"

"राहू दे गं. खाताना मधे मधे येते."